जत्रा फिरून ये

उन्हाळ्यात मी बाटली पहाटे साडेचारला काढते. चंद्रपुरात एप्रिल-मेमध्ये घर त्याआधी निवतच नाही, आणि सात वाजले की भिंती पुन्हा तापू लागतात. मधल्या दोन-अडीच तासांत सगळं उरकावं लागतं. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी लावलेली. हवा हलली की अल्कोहोल उडतं, आणि ते उडालं म्हणजे पैसे उडाले. टेबलावर धुतलेलं पांढरं फडकं, त्यावर दोन मिलीच्या काचेच्या शिश्या ओळीने, बाजूला बोथट सुईची सिरिंज, एक बारीक नळी, लेबलं, आणि मधोमध ती बाटली. बारा हजारांची, शंभर मिली. महागड्या सेंटच्या बाटलीचं तोंड बहुतेक वेळा धातूच्या कड्याने कायमचं दाबून बसवलेलं असतं, ते फिरवून उघडत नाही. म्हणून वरचं दाबायचं बटण अलगद ओढून काढायचं, खालून डोकावणाऱ्या टोकावर आपली नळी बसवायची आणि अंगठ्याने थोडं थोडं दाबत राहायचं. मग फवारा उडत नाही, थेंब होऊन सिरिंजमध्ये उतरतं. एका दाबाला साधारण एक दशांश मिली. म्हणजे दोन मिलीच्या शिशीला वीस दाब. शंभर मिलीतून माझ्या हाती पंच्याण्णव लागतात. बाकीचं नळीत, सुईत, बाटलीच्या तळाशी आणि हवेत जातं.

पाच-दहा मिनिटांत माझ्या नाकाला तो वास कळेनासा होतो. घरभर दरवळत असतो, बाहेरून दूधवाला विचारतो, आणि मला मात्र काही नाही. त्या वेळी काम करतात ते फक्त डोळे आणि अंगठा. सिरिंजवरची रेघ दोनला टेकली पाहिजे, एक पॉइंट नऊला नाही. समोरच्याने दोन मिलीचे पैसे दिलेले असतात.

पुण्या-मुंबईचे शौकीन याला डिकँट म्हणतात. आमच्याकडे कोणी तसं म्हणत नाही. गडचिरोलीच्या आठवडी बाजारात पळसाच्या पानावर झिंग्यांचे वाटे मांडलेले असतात, गावात बकरा पडला की घरटी वाटे पडतात. तोच शब्द माझ्या गिऱ्हाइकांनी इथे आणला. "ताई, त्या काळ्या बाटलीचा एक वाटा ठेवजा." मलाही तोच आवडतो. वाट्यात मोजमाप असतं आणि सगळ्यांना थोडंथोडं मिळाल्याचं समाधानही असतं.

या कामाची अक्कल मला मामंजींकडून आली. आमचं मूळ दुकान मनिहारीचं. बांगड्या, रिबिनी, टिकल्या, काळे मणी, आणि त्यांच्या बाजूला मामंजींची अत्तराची पेटी. सागवानी पेटी, आत लाल मखमलीचे खण, प्रत्येक खणात काचेच्या बुचाची चौकोनी कुपी. हीना, गुलाब, केवडा, खस, मोगरा, शमामा. माल नागपूरच्या इतवारीतून यायचा आणि तिथल्या व्यापाऱ्याकडे कनौजहून. लग्न होऊन आले त्या वर्षी महाशिवरात्रीला मी पहिल्यांदा मार्कंड्याच्या जत्रेत दुकानावर बसले. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, त्या काठावर मार्कंडादेवाची कोरीव दगडी देवळं आहेत. पहाटे नदीत आंघोळ करून ओल्या केसांनी माणसं दर्शनाला चाललेली, मागे नारळाचा, उदबत्तीचा, तळणाचा वास. त्या सगळ्या वासांच्या गर्दीत मामंजी अत्तर विकायचे.

त्यांची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक आलं की काचेची काडी कुपीत बुडवायची आणि मनगटावर एक ओळ ओढायची. गिऱ्हाईक हुंगून लगेच म्हणायचं, "द्या." मामंजी द्यायचे नाहीत. म्हणायचे, "जत्रा फिरून ये. पाळण्यात बस, जेव, घाम येऊ दे. मग सांग." मला तेव्हा राग यायचा. हातात पैसे धरलेला माणूस परत पाठवायचा? त्यातली निम्मी माणसं गर्दीत हरवायची. पण जी परत यायची ती मनगट नाकाशी धरून यायची, आणि वर्षानुवर्षं यायची. कोणी येऊन म्हणायचं, "नको जी, डोकं दुखलं." मामंजी काडी पुसून ठेवायचे आणि म्हणायचे, "बरं झालं, पाव तोळ्याचे पैसे वाचले तुझे."

तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर. पाव तोळा म्हणजे साधारण तीन मिली. मी आज दोन मिलीची शिशी भरते तेव्हा काही नवीन करते आहे असं मला वाटत नाही. अत्तर आपल्याकडे पूर्वीपासून सुटंच विकलं गेलं. कापसाचा फाया कानात घालून माणूस लग्नाला जायचा, आणि त्या फायात किती अत्तर असणार! सबंध बाटलीच घ्यायची, सील तोडून, मागेपुढे न पाहता, ही तऱ्हा सेंटबरोबर आली.

सेंटची पहिली बाटली मी वाटली ती गडचिरोलीच्या भिशीत. जिल्हा परिषदेच्या आठ शिक्षिका. त्यातल्या एकीच्या मुलाने परदेशातून पन्नास मिलीची बाटली आणली होती. ती बाई साध्या स्वभावाची, एवढं उंची सेंट लावून शाळेत जायला तिला संकोच वाटे, आणि बाकीच्या सात जणींना मात्र ते हवं होतं. भिशीच्या दिवशी मी बांगड्या घेऊन गेले होते. कोणीतरी म्हणालं, वाटून घेऊ, पैसे जमवून तिला देऊ. मी पिशवीतून अत्तराच्या रिकाम्या शिश्या काढल्या, शेजारच्या मेडिकलमधून सिरिंज आणली आणि ओट्यावर बसून आठ वाटे केले. प्रत्येकीला सहा मिली, दोन मिली सांडण्यात गेलं. पुढच्या भिशीत गेले तर आठ जणींची आठ मतं. दोघींना ते इतकं आवडलं की दुसरी बाटली कुठे मिळेल विचारू लागल्या. एकीच्या नवऱ्याला शिंका आल्या. एकीने ते देव्हाऱ्याच्या खोलीत ठेवलं होतं. ज्या तिघींना आवडलं नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही वेगळंच होतं. आजवर दुकानात काचेआड पाहिलेली वस्तू एकदा अंगावर घेऊन, चार दिवस वागवून, नको म्हणून बाजूला ठेवण्याचा ठामपणा त्यांच्या बोलण्यात होता. "आपल्याला नाही बाई ते जमत," असं त्या म्हणाल्या, आणि ते ऐपतीबद्दल नव्हतं, आवडीबद्दल होतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी हाच विचार करत आले. पैसेवाला चुकला तर बाटली कपाटात मागे सरकवतो आणि विसरतो. ज्याच्या महिन्याच्या पगारातून बारा हजार म्हणजे निम्मा पगार जातो, त्याला चुकायची सोय नाही. म्हणून तो एक तर घेतच नाही, किंवा घेतलं की आवडून घेतो. वास न आवडला तरी पैशापायी लावत राहतो. चुकायची मुभा तीनशे रुपयांत देता आली तर?

मग मी शिकायला लागले. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने बरंच सांगितलं, बाकी चुकांनी. पहिली मोठी चूक पहिल्याच उन्हाळ्यात झाली. चार बाटल्या मी माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या मे महिन्यात इथला पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता, आणि पत्र्याखालचं तर कोणी मोजतही नाही. जूनमध्ये पाऊस पडल्यावर खोली उघडली. लिंबू-संत्र्याच्या वासाच्या बाटलीचा रंग गडद झाला होता आणि वासाचा वरचा सगळा भाग गेला होता. दाबलं की आधी आंबूस, मग थेट लाकूड. लिंबाच्या सालीतली तेलं सर्वांत हलकी, तीच आधी बिघडतात. चंदन, ऊद, राळ ही जड मंडळी टिकून राहतात. त्या बाटलीतले चौदा वाटे मी आधीच विकले होते म्हणून नुकसान थोडं कमी झालं. आता माझ्या बाटल्या तळघरासारख्या मधल्या खोलीत, मातीच्या रांजणात, वाळू ओली करून ठेवलेल्या असतात, प्रत्येक बाटली खोक्यात आणि खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत. फ्रिजमध्ये ठेवत नाही. आमच्याकडे लाइट जाते-येते, फ्रिज गार-गरम होत राहतो, त्यापेक्षा रांजण बरा.

दुसरी चूक प्लॅस्टिकच्या शिश्यांची. स्वस्त पडल्या म्हणून शंभर घेतल्या. चंद्रपूरहून मूल, सावली करत बस गडचिरोलीला निघाली आणि सावलीच्या पुढे माझ्या मांडीवरची पिशवी ओली झाली. झाकणं सैल. बसभर अल्कोहोलचा भपका. आता हे कुठे झालं ते ध्यानात घ्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्या वेळी चंद्रपुरातही बंदी होती, १ एप्रिल २०१५ ला लागलेली, ती २०२१ मध्ये उठली. बायका तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघू लागल्या. वैनगंगेच्या पुलाअलीकडे तपासणीला बस थांबली आणि एका शिपायाने मला पिशवीसकट खाली उतरवलं. मी शिश्या एकेक करून टपरीच्या बाकावर मांडल्या. त्यांना सांगितलं की यात अल्कोहोल आहे पण ते पिता येऊ नये म्हणून कडू रसायन घालून बिघडवलेलं असतं. त्यांनी एक शिशी उघडून हुंगली, दुसरी हुंगली, मनगटावर लावून पाहिली. बस निघून गेली होती. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांचं कामच ते. तेव्हापासून प्रवासात मूळ बाटलीची पावती, तिचं रिकामं खोकं आणि काचेच्याच शिश्या सोबत असतात. प्रत्येक शिशीच्या झाकणाला पांढरी टेप दोन वेढे. लेबलावर सेंटचं नाव, कोणत्या तारखेला काढलं ती तारीख, आणि बाटलीवरचा बॅच नंबर. नावाची बाटली कंपनीची असली तरी शिशी माझी आहे, हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे.

रिकाम्या बाटल्यांचं पण सांगते. उंची सेंटच्या रिकाम्या बाटलीला भंगारात भाव आहे. कशासाठी, ते उघड आहे. तिच्यात काहीतरी भरून पुन्हा बाजारात येतं. मी बाटली संपली की तिचं नळीचं टोक पकडीने तोडते, मग काचेचा ठोकळा म्हणून ती मुलांना खेळायला देते.

कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारे लोक इथे येतात, खाणी, कारखाने, वीज केंद्र यांमुळे चंद्रपुरात सगळा देश आहे. पण ज्यांच्याकडून मी वास ओळखायला शिकले ती माणसं जंगलाकडची. पुस्तकात आणि खोक्यावर वासांची जी नावं असतात ती इथे कोणाला माहीत नसतात, आणि त्यांची गरजही पडत नाही. धानोऱ्याकडची एक बाई बाजाराला मोहफुलं आणि चारोळी घेऊन यायची. दुपारी माल संपला की माझ्याकडे सुया-दोरा घ्यायला बसायची. एकदा मी तिच्या मनगटाला एक फ्रेंच सेंट लावलं, पुरुषांचं, चांगलं नावाजलेलं. तिने हुंगलं, मनगट दूर धरलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, "हा त तनसाचा वास हाय जी. धान झोडल्यावरचा."

मी हसून सोडून देणार होते. घरी आल्यावर पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, काकू, त्यात कुमारिन आहे, वाळल्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिनचाच. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगां कंपनीने 'फुजेर रॉयाल' या सेंटात कारखान्यात बनवलेलं कुमारिन पहिल्यांदा घातलं आणि त्या जातीच्या पुरुषी सेंटांचं सगळं घराणं तिथून सुरू झालं. त्या बाईने ते एका श्वासात ओळखलं होतं. खळ्यावर तणसाच्या गंजीत जिचं बालपण गेलं तिला कोण फसवणार?

तसंच वाळ्याचं. गेर्लां कंपनीचं १९५९ सालचं 'व्हेतिव्हेर' म्हणजे आपला वाळाच. त्यांचं मूळ आज बहुतेक हैतीहून येतं, पण झाड तेच. माझ्याकडे ते आलं तेव्हा पहिल्या पाच गिऱ्हाइकांतल्या चौघांनी एकच गोष्ट सांगितली, "हा तर कूलरचा वास!" ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार हवा, दुपारची अंधारलेली खोली, आईने झोपवलेलं. एका वनरक्षकाने त्या एका कारणासाठी पाच मिली घेतलं. गस्तीवर लावत नाही, जनावराला माणसाचा वास आधीच फार असतो, वर सेंट कशाला, म्हणाला. घरी आला की झोपताना उशीला एक फवारा.

मायनिंग सरदार असलेल्या एका गिऱ्हाइकाला मी मातीचं अत्तर दिलं होतं, कनौजचं. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत उकळून वाफ भपक्यात उतरवतात, पहिल्या पावसाचा वास येतो. माझं स्वतःचं सगळ्यांत आवडतं. तीन दिवसांनी शिशी परत घेऊन आला. "दिवसभर मातीखालीच असतो ताई. आता घरी पण माती नको." मला सुचलंच नव्हतं ते. त्याने मोगरा नेला.

एटापल्लीकडच्या उपकेंद्रातल्या सिस्टरने तीन शिश्या मागवल्या होत्या. पहिली सोमवारी लावून ड्यूटीवर गेली. तपासणीला आलेल्या पोटुशा बाईला तिच्या जवळ येताच उमासा आला. दुसरी हलकी म्हणून दिली होती, तीही दुपारपर्यंत डेटॉलच्या वासात मिसळून विचित्र झाली. तिसरी तिने उघडलीच नाही. आठवड्याने मला म्हणाली, "कामावर मला कुठलंच नको, हे कळलं." तिसरी शिशी ती रविवारी लावते. बहिणीकडे जाताना. आता ती माझ्याकडून महिन्या-दोन महिन्यांनी एक वेगळी शिशी नेते, फक्त रविवारची. याउलट वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपनीतल्या एका नटीला असं सेंट हवं होतं जे रात्री दहाला लावलं की पहाटे नाटक संपेपर्यंत टिकेल, मेकअप, दिवे, घाम, बदललेले पाच पोशाख सगळ्यांतून. तिने दिवाळीनंतरच्या हंगामात सहा शिश्या तपासल्या. प्रत्येक गावी एक. कोणत्या प्रवेशाला वास गेला ते ती वहीच्या पाठीमागे लिहून ठेवायची. सहावी टिकली.

दुकानातल्या कागदाच्या पट्टीवर यातलं काय कळलं असतं? पट्टीला घाम येत नाही, ती तपासणीच्या खोलीत बसत नाही, खाणीतून वर येत नाही. सेंटचा वरचा वास पंधरा-वीस मिनिटांत उडतो, आणि दुकानात आपण नेमके तेवढाच वेळ असतो. खरा वास त्यानंतर सुरू होतो, अंगाच्या उबेने.

तरी एका गोष्टीचं मला ओझं वाटतं. सुटं नेहमी महाग पडतं. मिठाचं, तेलाचं, चहाचं, शाम्पूच्या पुडीचं, सगळ्यांचं तेच. बारा हजारांची बाटली मिलीला एकशे वीस रुपये पडते. सांडलवंड, शिशी, टेप, माझी मजुरी धरून मी दोन मिली तीनशे वीसला देते, म्हणजे मिलीला एकशे साठ. एक-दोन शिश्यांपुरतं हे ठीक आहे. पण आयटीआयमधला एक मुलगा एकाच सेंटची शिशी दर पंधरा दिवसांनी नेऊ लागला. त्याला ते कोणासाठी तरी हवं होतं. मी वही काढून पाहिली तर नऊ शिश्या झाल्या होत्या. अशा पन्नास झाल्या तर सोळा हजार, आणि बाटली बाराची. मी त्याला बसवून हिशोब दाखवला. त्याला वाईट वाटलं, मलाही. त्या दिवसापासून नियम केला आहे की एकाच सेंटची चौथी शिशी कोणाला देत नाही. तिसरीच्या वेळी सांगते, आता आवडलं आहे ना, मग चार-पाच जण मिळून बाटली आणा, वाटे मी फुकट करून देते. पावतीवर सगळ्यांची नावं लिहायची, ज्याच्या नावावर बाटली त्याला ती रिकामी बाटली. शिशी ही ओळख करून घ्यायला आहे. संसार शिशीवर करायचा नसतो.

मामंजी शेवटच्या वर्षांत डोळ्यांनी अधू झाले होते. मी शिश्या भरत असताना खुर्चीत बसायचे. महागड्या सेंटांचं त्यांना कौतुक नव्हतं, पण प्रत्येक नवीन बाटलीचा पहिला थेंब ते मनगटावर घ्यायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. दुपारी जेवण झालं, झोप झाली, चहा झाला, की मग हाक मारायचे. कधी म्हणायचे, "यात चंदन नाही, चंदनाचं सोंग आहे." चंदनाच्या तेलाचे भाव चढत गेले तसं स्वस्त अत्तरात चंदनाच्या जागी पॅराफिन येऊ लागलं, ते त्यांनी आयुष्यभर बोटांनी ओळखलं होतं. चंदनतेल चोळलं की अंगात मुरतं, पॅराफिन वर तरंगत राहतं.

धानोऱ्याकडची ती बाई दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाजारात आली तेव्हा तिच्या टोपलीत मोळीच्या बाजूला गवताचा एक जुडगा होता. लालसर तुरे. "हे घे," म्हणाली, "तुझ्या सेंटवाल्याले दाखव." मी तुरा बोटांत चुरडला आणि गुलाब! थोडा तिखट, थोडा लिंबासारखा, पण गुलाबच. तिखाडी, म्हणजे रोशा गवत. मध्य भारताच्या कोरड्या सागवानी जंगलांत ते आपोआप उगवतं, आणि त्याचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जायचं, तिथे ते बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळलं जायचं. जगातल्या उंची गुलाबात कुठेतरी आपल्याकडचं गवत होतं हे मला पुतण्याने सांगितलं तेव्हा मी तो जुडगा पुन्हा पुन्हा हुंगला. चार दिवस घरात तोच वास होता.

माझ्याकडे देग नाही, भपका नाही. मी तुरे कापून तिळाच्या तेलात घातले, बरणी वीस दिवस उन्हात ठेवली, गाळली, नवे तुरे घातले, पुन्हा वीस दिवस. माझ्या नाकाला वाटलं, जमलं. महाशिवरात्रीला मार्कंड्याला ती बाई येणार हे मला माहीत होतं. आली. सोबत सून होती, कडेवर नात. मी काचेच्या काडीने तिच्या मनगटावर एक ओळ ओढली, तीन मिलीची शिशी हातात दिली आणि म्हटलं, जत्रा फिरून या.

दोन-तीन तासांनी ती गर्दीतून आली. नातीच्या हातात पिपाणी होती. तिने शिशी टेबलावर ठेवली, झाकण नीट लावलेलं.

"तेलाचाच वास येते जी," ती म्हणाली. "गवत लपलं."

मी मनगट मागितलं आणि हुंगलं. तिचं बरोबर होतं. तीळ वर आला होता, गुलाब खाली कुठेतरी दबला होता. तिने नातीसाठी दोन लाल रिबिनी घेतल्या, पैसे मोजून दिले आणि सुनेला हाक मारत नदीकडे निघाली. मी वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: तिखाडी, तीळतेल नको.